तपासनीस कोणाचा?

सरकारी कल्याणयोजनांच्या संगणकीकरणाविषयी शंका काढली की एक उत्तर हमखास मिळते : 'यावर देखरेखीची व्यवस्था आहे.' आमचा आक्षेप नेमका या वाक्यावर आहे. देखरेख असणे आणि ती स्वतंत्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आडोशाने दुसरीचा अभाव सहज झाकता येतो. ऑस्ट्रेलियातील 'रोबोडेट' प्रकरण हा त्याचा ढळढळीत दाखला आहे.

तेथे बेरोजगारांना व विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य दर पंधरवड्याच्या उत्पन्नावरून ठरत असे. २०१५ मध्ये प्रयोग म्हणून आणि २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर एक स्वयंचलित पद्धत आली. कर खात्याकडील वार्षिक उत्पन्नाचा आकडा घ्यायचा, तो पंधरवड्यांत समान वाटायचा, आणि जुळले नाही तर त्या माणसाला 'तुम्ही सरकारचे देणे लागता' असे कळवायचे. सुटीत तीन महिने राबून उरलेले नऊ महिने भत्ता घेणारा प्रामाणिक विद्यार्थी या गणितात आपोआप कर्जदार ठरतो. पूर्वी अशी विसंगती दिसली की अधिकारी चौकशी करीत. आता जुन्या पगारपत्रिका शोधून आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे गरिबावर पडले. हा बदल संगणकाने केला नव्हता. तो माणसांनी केला आणि त्याला आधुनिकीकरण हे नाव दिले.

मग देखरेख कोठे होती? होती, हेच तर दुःख आहे. अशी सरासरी कायद्यात बसत नाही, असा सल्ला सरकारच्याच एका खात्यातील विधिज्ञांनी २०१४ मध्ये दिला होता. तेथील लोकपालाने २०१७ मध्ये चौकशी केली. परंतु संबंधित खात्यांनी सुचविलेला मजकूर अहवालात आला आणि पद्धत कायदेशीर आहे काय, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढे सरकारने तोच अहवाल ढाल म्हणून मिरविला. त्याच वर्षी अपील न्यायाधिकरणाचे सदस्य टेरी कार्नी यांनी अशी वसुली बेकायदा असल्याचे निर्णय दिले. सरकारने त्यांना आव्हान दिले नाही आणि वसुलीही थांबविली नाही. त्या पातळीवरील निर्णय प्रसिद्ध होत नसल्याने शेजारच्या घरात तेच पत्र हाती घेऊन बसलेल्याला त्यांचा पत्ताच लागला नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयात सरकारला चूक मान्य करावी लागली. २०२० मध्ये ४,७०,००० कर्जप्रकरणांतील सुमारे ७२ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा झाली. कॅथरीन होम्स यांच्या आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. तोवर काहींनी आयुष्य संपविले होते; त्यांच्या मातांनी आयोगापुढे साक्ष दिली. पैसे परत करता येतात.

यावर कोणी म्हणेल, हे परदेशातले झाले. पण आपल्याकडे आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आहेत, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालातून ऑगस्ट २०२३ मध्ये देशाला कळले. महालेखापरीक्षक स्वतंत्र आहेत, त्यांनी आपले काम केले. परंतु शवविच्छेदन म्हणजे चिकित्सा नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. रेशन दुकानातील यंत्रावर जिचा अंगठा उमटत नाही अशा वृद्धेचे म्हणणे त्या अंकेक्षणात ऐकले जावे आणि ऐकल्यावर यंत्रणेला उत्तर द्यावे लागावे, एवढाच त्या तरतुदीचा अर्थ आहे. कलम कागदावर असल्याने तो आपोआप साध्य होत नाही.

आम्ही यंत्रविरोधी नाही. तलाठ्याच्या आणि कारकुनाच्या जुन्या वह्या निष्पाप होत्या, असा भाबडा समजही आमचा नाही. परंतु कारकुनाचा अन्याय एका टेबलापुरता असतो. सदोष नियम संगणकात शिरला की तोच अन्याय एका रात्रीत लाखो दारांवर पोचतो. म्हणून देखरेखीच्या अटीही तितक्याच कठोर हव्यात. योजना लागू होण्यापूर्वी तिची कायदेशीर व तांत्रिक तपासणी बाहेरच्यांकडून व्हावी आणि ती प्रसिद्ध व्हावी. मूळ कागदपत्रे स्वतः पाहण्याचा अधिकार तपासनिसाला असावा. त्याच्या अहवालावर खात्याने उत्तर द्यावे, परंतु अहवालाच्या मजकुरास हात लावू नये. अपिलातील निर्णय, नावे वगळून, सर्वांना उपलब्ध असावेत. आणि संशय आला तर वसुली किंवा वगळणूक तत्काळ थांबविण्याची सत्ता तपासनिसापाशी असावी.

साहित्याच्या अध्यापकांचा याच्याशी काय संबंध, असे विचारले जाईल. कथेतला निवेदक जे सांगतो ते त्याला कोठून कळले, हा प्रश्न आम्ही वर्गात रोज विचारतो. शासनाच्या अहवालालाही तो विचारलाच पाहिजे. ज्याची तपासणी करायची त्याच्याच सांगण्यावरून लिहिलेली तपासणी ही तपासणी नसते. ते आरोपीचेच निवेदन असते, फक्त सही दुसऱ्याची असते.