पाकोळ्यांचे राखणदार

कणकवलीच्या बाजारातून समुद्र दिसत नाही, म्हणून समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकांवरची पाखरं परकी ठरत नाहीत. तिथं खडकावर सुरय अंडी घालतात. गुहेच्या भिंतीला पाकोळ्या लाळेनं शेवाळ नि पिसं चिकटवून अर्ध्या वाटीसारखी घरटी बांधतात. परदेशी सुपासाठी हीच घरटी ओरबाडली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००१ मध्ये ही चोरी उघडकीस आणली, पुढं राखणही केली. राखणीसाठी अशा खडकावर राहायचं तर पिण्याच्या पाण्यापासून तांदळापर्यंत सगळं होडीनं न्यावं लागतं, आणि समुद्र खवळला की होडीच लागत नाही. राखण करणाऱ्या पोरांना नुसती शाबासकी पुरणार नाही. त्यांच्या डिझेलला, शिध्याला हातभार लावा. आणि विणीच्या हंगामात हौसेखातर त्या खडकांवर उतरू नका.