कर्जाचा आकडा सोडा, तूट विचारा

'जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर इतकं कर्ज' हे फॉरवर्ड आता पुरे, मंडळी. आपल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारातला ट्रकवाला कर्ज काढूनच गाडी घेतो. गाडी कमावते, हप्ता फिटतो. पण भाड्यातून डिझेल अन् ड्रायव्हरचा पगारही सुटत नसेल, त्यालाही उसनवारी लागत असेल, तर धंदा बसलाच समजा.

राज्याचं नेमकं तेच चाललंय. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला ९.३२ लाख कोटींच्या कर्जाचा अंदाज सगळे ओरडून सांगतात. ४५,८९१ कोटींच्या महसुली तुटीचं नावही कोणी काढत नाही. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं भागवायलाच एवढे पैसे कमी! आणि खापर कुणावर? लाडक्या बहिणींच्या दीड हजारावर. अहो, ३६ हजार कोटींची तरतूद त्या बायकांनी केली का? ज्यांनी केली, ते उत्पन्न कुठून आणणार आहेत ते सांगू देत की.