विषय आधी की विद्यार्थी?

निकालानंतरच्या दिवसांत सियालदह स्थानकाच्या परिसरातील ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत गर्दी असते. बनगाव, कॅनिंग, कृष्णनगरच्या लोकलने आलेली मुले आणि सोबत वडील किंवा थोरला भाऊ. अशाच एका मुलीला भूगोल हवा होता. दुकानदार म्हणाला, ‘‘या गुणांवर त्या कॉलेजात भूगोल मिळणार नाही. इतिहास टाक, कॉलेज तरी चांगलं मिळेल.’’ तिने इतिहास टाकला. मी स्वतः इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. तरी मला आनंद झाला नाही.

पश्चिम बंगालमध्ये २०२४ पासून बहुतेक सरकारी व अनुदानित महाविद्यालयांचे पदवी प्रवेश एकाच पोर्टलवरून होतात. विद्यार्थ्याला २५ पर्यंत पसंती देता येतात आणि प्रत्येक पसंती म्हणजे महाविद्यालय व विषय यांची जोडी. ही सुधारणा आवश्यकच होती. २०१८ मध्ये ऑनर्सच्या जागांसाठी पैसे मागितले जात असल्याच्या तक्रारींनी कोलकाता ढवळून निघाले होते. पोर्टलने दलालाची वाट अडवली. विषयाच्या दारातून नामांकित संस्थेत शिरण्याचा हिशेब मात्र कायम राहिला. दिल्ली विद्यापीठातही सामायिक परीक्षेनंतर अशीच जोड्यांची यादी भरावी लागते.

अमेरिकेत दोन्ही रीती आढळतात. हार्वर्डमध्ये प्रवेश महाविद्यालयात मिळतो आणि विषय दुसऱ्या वर्षी ठरतो. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मात्र संगणकशास्त्राला थेट प्रवेश न मिळालेल्याला नंतर तिकडे वळणे फार कठीण. म्हणजे जिथे विषयानुसार दारे असतात, तिथे सोपे दार शोधले जाणारच. दोष मुलांचा नाही.

विषयवार प्रवेशाला सबळ कारण आहे, हे मान्य. प्रयोगशाळा आणि शिक्षक मर्यादित असतात; सर्वांना मोकळीक दिली तर सारे दोन-तीन विषयांकडे धावतील. पण उपाय असाध्य नाहीत. मागील वर्षी प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषयाला शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, हे अर्जाच्या पानावरच दिसावे. पहिले वर्ष शक्य तेवढे सामायिक असावे. वर्षअखेरीस विषयबदलासाठी काही जागा राखून त्याचे निकष आधीच जाहीर करावेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विषयनिवडीच्या लवचिकतेचे आश्वासन दिले आहे. ते प्रवेशाच्या दारातच संपू नये.

सुशिक्षित घरात हे डावपेच जेवणाच्या टेबलावर ठरतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते दुकानदाराकडून कळतात. अठराव्या वर्षी, काही मिनिटांत, अनोळखी माणसाच्या सल्ल्याने निवडलेला विषय पुढली चार वर्षे आणि अनेकदा आयुष्य ठरवतो. राज्यसंस्थेने एवढे तरी करावे, की ती निवड चुकली तर परतीची वाट खुली असेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)