श्वास सोडा, मग घ्या!

कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला मी! तोंड पाण्याबाहेर ठेवून हातपाय मारायचे, एवढीच आमची विद्या. साठीत नातवाबरोबर पोहण्याच्या तलावावर गेलो आणि चार हात मारताच धाप लागली. तिथले शिक्षक हसून म्हणाले, "आजोबा, श्वास घेता खरे, सोडता कुठे?"

खरेच होते. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे. मग डोके वर न उचलता, अंगाबरोबर मान कुशीला वळवून तोंडाने श्वास घ्यायचा. जीव गुदमरतो तो बहुधा प्राणवायू संपल्याने नव्हे, कर्बवायू साठल्याने.

पण हा कर्बवायूच आपला राखणदारही असतो, बरे का! परवा नातू पैजेच्या बुडीआधी भराभर श्वास घेऊ लागला. मी दंड धरून त्याला काठावर ओढले. अशा श्वासांनी कर्बवायू उडून जातो. 'वर चल' असा इशाराच वेळेवर मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही मग पाण्याखाली बेशुद्ध होतो.

स्वारी दिवसभर रुसली होती. रात्री चकली मोडता मोडता म्हणाली, "आजोबा, उद्या बुडबुड्यांची पैज?"

लावली. आणि हरलोही!