चकलीच्या तेलातला कर

‘करदाता’ हा शब्द गेल्या काही वर्षांत फार आकसला आहे. कर देतो तो करदाता, एवढाच त्याचा साधा अर्थ. बोलण्यात मात्र तो आता फक्त प्राप्तिकर भरणाऱ्यासाठी, त्यातही पगारातून तो कापला जाणाऱ्या शहरी नोकरदारासाठी राखून ठेवलेला दिसतो. त्याच्यासमोर दुसरा शब्द उभा केला जातो: ‘लाभार्थी’. एकाने द्यायचे, दुसऱ्याने घ्यायचे. सोसायटीच्या वार्षिक सभेत, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत आणि वाचकांच्या पत्रांत वर्षभर एकच वाक्य आदळत राहिले: ‘आमच्या टॅक्सच्या पैशांवर हे सगळं चाललंय.’ वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्याचा उपद्रव त्या अर्ध्या खरेपणातच आहे.

२०२५ हे वर्ष तसे घटनांनी गच्च भरलेले गेले. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले. ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाडा आणि सोलापूरची उभी पिके नेली, कुठे कुठे पिकांखालची मातीही नेली. पूरग्रस्तांना द्यायच्या मदतीच्या चर्चेतही ‘कुणाच्या पैशांतून’ हा प्रश्न विचारणारे निघालेच.

कुणाच्या, हे आधी पाहायला हवे. ३१ जुलै २०२४ च्या मुदतीत देशभरातून प्राप्तिकराची ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. लोकसंख्या १४० कोटींवर. दाखल होणाऱ्या विवरणपत्रांपैकीही निम्म्याहून अधिकांत देय कर शून्य असतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न, आणि पगारदारांसाठी प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंतचे, करमुक्त केले. महिन्याला लाखभर पगार घेणारा गृहस्थ आकसलेल्या अर्थाने आता करदाता उरलेला नाही. तक्रार मात्र जुन्याच हक्काने चालू आहे.

आता स्वयंपाकघरातला हिशेब. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे आयातशुल्क एकूण साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले. शुद्ध केलेल्या तेलावरचे ३५.७५ टक्क्यांवर. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते. दिवाळी दीड महिन्यावर होती. तेलाचा भाव चढला, आणि त्या वर्षी कढईत चकली सोडणाऱ्या प्रत्येक घराने, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरानेसुद्धा, हा कर भरला. कुणी पावती दिली नाही, कुणी विवरणपत्र मागितले नाही.

या शुल्कवाढीमागचे कारण वाईट नव्हते. सोयाबीनला भाव मिळावा म्हणून ती केली होती आणि लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याच्या नावानेच ती मांडली गेली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, पण बाजार समित्यांतले सौदे महिनोन् महिने त्याच्या खालीच होत राहिले. म्हणजे ग्राहकाने कर दिला आणि ज्याच्या नावाने दिला त्याच्या पदरात भाव पडला नाही. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. ‘करदात्यांच्या पैशांचे काय झाले’ असा सवाल या प्रकरणात सोसायटीच्या सभेत कुणी केल्याचे ऐकिवात नाही. हा कर आहे हेच पुष्कळांच्या गावी नव्हते.

वस्तू आणि सेवा कराचेही तसेच. तो १ जुलै २०१७ रोजी आला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या तांदूळ-गव्हाच्या पिठावर आणि दह्याच्या पिशवीवरही पाच टक्के लागू झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. साबण, शाम्पू, केसांचे तेल आणि बिस्किटे १८ वरून पाचवर आली, तूप आणि फरसाण १२ वरून पाचवर, आणि आयुर्विमा-आरोग्यविम्याच्या वैयक्तिक हप्त्यांवरचा कर उठला. या कपातीचा ‘बचत उत्सव’ झाला. साबणावर इतकी वर्षे १८ टक्के भरणारी माणसे त्या काळात करदाते होती, हे सरकारी जाहिरातींनी असे नकळत कबूल करून टाकले.

पेट्रोल-डिझेलची गोष्ट त्याहून जुनी. केंद्राचे उत्पादन शुल्क, त्यातला मोठा भाग उपकरांचा आणि म्हणून राज्यांना वाटा न मिळणारा. वर राज्याचा मूल्यवर्धित कर आणि अधिभार. २०१५ च्या दुष्काळात राज्याने लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार दुष्काळाच्या नावाने लावला. पुढे पाऊस आला, अधिभाराचे नाव विसरले गेले, अधिभार टिकला. भाजीचा टेम्पो नारायणगावहून वाशीला येतो तेव्हा हा कर मेथीच्या जुडीत बांधूनच येतो.

तिजोरी गरीबही भरतो, हा विचार नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमके हेच मांडले होते: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टांतून येतो, वरचे वर्ग तिजोरीत फारसे काही घालत नाहीत, आणि खर्च मात्र त्यांच्याच मुलांच्या उच्चशिक्षणावर होतो. त्या काळचा लाभार्थी कोण होता, हे फुल्यांनी बोट दाखवून सांगितले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ते बोट उलट्या दिशेला वळलेले आहे.

एका बाबतीत महाराष्ट्राने देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध उघड्यावर मांडला होता, आणि तो पगाराच्या पावतीवर आजही छापला जातो. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २५०० रुपयांचा व्यवसायकर ज्याच्या पगारातून जातो, त्याला तो कशासाठी सुरू झाला हे सहसा ठाऊक नसते. १९७५ चा हा कायदा रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग म्हणून कामे सुरू केली. १९७२ च्या दुष्काळात कल्पना राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. शहरातल्या कारकुनाने वर्षाला काही रुपये द्यायचे आणि त्यातून गावच्या मजुराने बांध घालायचे, पाझर तलाव खोदायचे. ऊस खरेदी, मोटारी आणि बागायती जमीन यांच्यावरही या योजनेसाठी कर बसले, आणि जितके जमेल तितकेच राज्याने आपल्याकडून घालायचे असे ठरले.

हा करार दोन्ही बाजूंना कळण्याजोगा होता. देणाऱ्याला आपले पैसे कुठे जातात ते माहीत होते, घेणारा घाम गाळून घेत होता आणि कायद्याने मागत होता. त्याला कुणी लाभार्थी म्हटले नाही. त्याचे नाव मजूर होते. पुढे जमा आणि खर्च यांत अंतर पडले, हजेरीपटांचे घोटाळे झाले, २००५ मध्ये केंद्राने याच धर्तीवर देशासाठी कायदा केला आणि अकुशल मजुरीचा भार उचलला. व्यवसायकर राहिला. कशाचा, हे मात्र पावती सांगत नाही.

आता घेणाऱ्यांकडे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. निवडणूक तोंडावर होती, आचारसंहिता दुसऱ्याच दिवशी लागली. माफ झालेला टोल कुणाला तरी भरून द्यावाच लागतो. तरीही ऐरोलीच्या नाक्यावरून सुसाट निघणाऱ्या मोटारचालकाला आपण लाभार्थी आहोत असे वाटले नाही, इतरांनीही त्याला तसे म्हटले नाही. सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या सागरी किनारा मार्गावर टोल नाही. दुचाकी आणि रिक्षा यांना मात्र तिथे प्रवेशच नाही. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी पणजीत कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केल्याचे जाहीर केले. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सुटेल असा सरकारचाच अंदाज होता. त्याला ‘चालना’ म्हणतात. पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला मिळाला तो ‘दिलासा’. आणि लाडक्या बहिणीचे महिना १५०० रुपये ही ‘रेवडी’. हा शब्द २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या बुंदेलखंडातल्या भाषणातून देशभर पसरला. मराठीत रेवडी वाटत नाहीत, उडवतात, आणि ज्याची उडवतात तो बहुधा दुबळाच असतो. केंद्राची थैली वेगळी, राज्याची वेगळी, हे खरे. म्हणून आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. शब्दांची मात्र करता येते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेवरचे आक्षेप यामुळे खोटे ठरत नाहीत. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती आली, विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात होती. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या महिलांना दरमहा १५०० रुपये. घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल तर नाही. करदाता आणि लाभार्थी हे दोन खण असे शासननिर्णयातच आखले गेले. वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च धरला होता. २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. अर्ज भरून घेताना न झालेली छाननी निवडणुकीनंतर सुरू झाली. सरकारी नोकर महिलांनी, इतकेच नव्हे तर पुरुषांनीही हप्ते उचलल्याचे उघड झाले. निवडणुकीत कबूल केलेले २१०० अजून भाषणातच आहेत.

खरा प्रश्न पैसा कुठून वळवला हा आहे. सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे नेल्याची तक्रार त्या खात्याच्या मंत्र्यांनीच २०२५ च्या उन्हाळ्यात जाहीरपणे केली. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ २०२५ मध्ये तिजोरीच्या अडचणीत सापडला. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीचे अर्धे तिकीट आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडेच १४.९५ टक्क्यांनी वाढले, त्यामुळे अर्धेही वाढले. सामाजिक न्याय खात्याच्या वसतिगृहातल्या मुलाच्या हक्काचे पैसे त्याच्याच आईच्या खात्यावर जमा झाले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. प्राप्तिकर भरणाऱ्याचा खिसा कापून हे झाले, हा समज त्यापुढे लटका पडतो. राज्याच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ४५,८९१ कोटींची महसुली तूट आणि ९ लाख ३२ हजार कोटींचे कर्ज आहे. त्याचे हप्ते उद्या तेलातून, पेट्रोलमधून, तिकिटातूनच वसूल होणार.

पंधराशे रुपये म्हणजे किती, हे सांगायला रोजगार हमीचाच दर पुरे. २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. पंधराशे म्हणजे पाच दिवसांची मजुरीही नाही. मुंबईत एप्रिल २०२५ पासून सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना मिळू लागला. तो घेतल्यावर साडेसहाशेही उरत नव्हते. याच सिलिंडरचे अनुदान स्वेच्छेने सोडा म्हणून २०१५ मध्ये मोहीम झाली, एक कोटीहून अधिक घरांनी ते सोडले. न सोडणाऱ्यांचे २०२० मध्ये गाजावाजा न करता बंद झाले.

महागाई मात्र घटल्याचे सांगितले गेले. जुलै २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर दोन टक्क्यांच्याही खाली उतरला. दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नाही, वाढीचा वेग कमी झाला. ही शाळकरी बाब दरवर्षी नव्याने सांगावी लागते. शिवाय तेव्हाचा निर्देशांक २०१२ पायाचा होता. त्यातली वजने २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ठरलेली. घरभाड्याला सुमारे दहा टक्के, तेही शहरांपुरते, आणि शिक्षणाला पाचांहून कमी. पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून मुलाची फी भरणाऱ्या कुटुंबाला तो आकडा दुसऱ्याच कुणाच्या घरचा वाटला. कांदा स्वस्त झाल्याने तो आकडा खाली येतो, तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याचे काय होते, हेही त्यात दिसत नाही.

गोव्यात २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने कर कमी करणे आणि हातात रोख देणे या दोन्ही वाटा एकदम धरल्या होत्या. पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. आणि महागाईची झळ सोसणाऱ्या गृहिणींसाठी ‘गृह आधार’ सुरू केली. कर टप्प्याटप्प्याने परत आला. गृह आधार आज पंधराशेवर आहे. करकपात परत घेताना मोर्चा निघत नाही, खात्यावरचा हप्ता थांबला तर निघतो, हे सत्ताधाऱ्यांना केव्हाच कळले आहे.

या दिवाळी अंकाचा विषय ‘हिशेब’ ठेवण्यामागे हेच कारण. पुढच्या पानांतल्या कथा-कवितांशी त्याचा संबंध काही ठिकाणी ओढूनताणून जोडलेला वाटेल. नेहमीचे वाचक ते चालवून घेतील. पाडव्याला वहीपूजन होते, जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे लिहिली जाते. सरकारी वहीत एकाच माणसाची नोंद दोन्ही बाजूंना असते, पण त्याला दाखवले जाते एकच पान. नियतकालिकांवर वस्तू आणि सेवा कर नाही. छपाईच्या कागदावर तो आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. विक्रीवर कर नसल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. मुखपृष्ठावर छापलेल्या किमतीत तो धरलेला आहे.