नवी गाडी, जुने दुखणे

चारचाकी म्हणजे श्रीमंतांची चैन, असे म्हणण्याचे दिवस गेले. आपल्या वस्त्यांतूनही आता दारापुढे गाड्या उभ्या दिसतात. कुणी कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेल्या फंडातून गाडी घेतो, तर कुणी पोरगा स्वतः चालवून पोट भरेल म्हणून कर्जावर मालवाहू तीनचाकी घेऊन देतो. आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्या घरात गाडीचा हप्ता किराण्याच्या आधी बाजूला काढावा लागतो, त्या घरातली नवी गाडी खराब निघाली तर सारे घर हलते.

आमच्याच कुटुंबात हे घडले. धाकट्या भावाने गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. पंधरा दिवस झाले नाहीत तो दुसरा गिअर अडकू लागला. वैनगंगेच्या पुलाकडे चढताना क्लच जळाल्याचा वास येई. शोरूमवाले म्हणाले, "भाऊ, नवी गाडी आहे, थोडी मोकळी होऊ द्या." दुसऱ्या खेपेला त्यांनी तेल बदलले. तिसऱ्या खेपेला गाडी नऊ दिवस ठेवून घेतली. गाडी वर्कशॉपमध्ये आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वजा!

अशा वेळी हप्ता बंद करा, म्हणजे ते ताळ्यावर येतील, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला कुणी ऐकू नये. बँकेने पैसे दिले, तिचा करार वेगळा. गाडी बिघडली म्हणून कर्ज बिघडत नाही. हप्ता चुकला की व्याज-दंड चढतो, गाडी ओढून नेण्याची पाळी येते, आणि मग तक्रार करायची तरी कोणत्या गाडीची?

या प्रकरणात आमची भावजय उपयोगी पडली. ती दहावीपर्यंत शिकलेली. तिने पोरांच्या जुन्या वहीत पाने आखली आणि तारीख, किलोमीटर, गाडी कोण चालवत होते, काय झाले, हे रोजच्या रोज लिहिले. वर्कशॉपमध्ये गाडी घेताना जॉब कार्ड करतात. त्यावर तिथला माणूस "जनरल चेकअप" असे लिहू लागला, तेव्हा तिने त्याला थांबवले आणि "दुसरा गिअर अडकतो, क्लचला वास येतो" असे लिहायला लावले. गाडी परत देताना "काम समाधानकारक" या छापील ओळीखाली सही मागतात. तिने सहीच्या वर लिहिले, "दोष कायम आहे." आमच्या मते या तीन शब्दांनी जे काम केले, ते काउंटरवरच्या दहा भांडणांनी झाले नसते.

याचे कारण कायद्यात आहे. वॉरंटी म्हणजे गाडी बदलून देण्याचे वचन, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. मारुती कंपनीच्या एका गाडीच्या क्लचविषयी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे कबूल केले आहे, म्हणून सबंध गाडी बदलून मिळेलच असे नाही. फियाटच्या एका गाडीच्या प्रकरणात, २०१० साली, गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि तिच्यात मुळातच दोष निघाला तर पैसे व्याजासह परत द्यावेत, असे ठरले. म्हणजे सारा भार पुराव्यावर. पुरावा मजबूत असला तर काय होते, हे २०२२ च्या ह्युंदाई क्रेटाच्या निकालात दिसले. २०१५ साली घेतलेल्या या गाडीच्या एअरबॅग २०१७ च्या अपघातात उघडल्या नव्हत्या. त्यात ३ लाख रुपये भरपाई आणि गाडी बदलून देणे, दोन्ही कायम झाले.

जिल्हा ग्राहक आयोग आपल्या भंडाऱ्यातही आहे. गाडी नागपुरात घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हेही मनात धरावे. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेही कंपनी हलते.

आणि रोजीरोटीच्या गाडीचे काय? धंद्याची गाडी म्हणून विक्रेते हात झटकतात. पण १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे. गाडी घेऊन ती फक्त दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्याला मात्र हा आधार मिळत नाही. तेव्हा तक्रारीत "मी स्वतः चालवतो, यावरच घर चालते" हे वाक्य हवेच.

आमच्या भावाने वहीची व जॉब कार्डांची झेरॉक्स जोडून विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. कंपनीचा इंजिनिअर आला, स्वतः गाडी चालवून गेला, आणि मग पर्याय पुढे आले: नवा गिअरबॉक्स घ्या, नाहीतर ही गाडी परत देऊन दुसरी घ्या, किमतीतला फरक समजून घेऊ. घरात दोन रात्री चर्चा झाली. आई म्हणाली, "एकदा मन उठलं त्या गाडीवरून." दुसरी घ्यायचे ठरले.

शोरूमची ट्रायल म्हणजे गुळगुळीत डांबरी रस्त्यावर एक चक्कर, एसी पूर्ण आणि गाणी चालू. भावाने सांगितले, ट्रायल आमच्या गावच्या रस्त्यावर आणि घरची पाच माणसे बसवून. सेल्समन कुरकुरला, पण आला. पहिल्या गाडीचे इंजिन झकास, पण आईचे गुडघे दुखतात, तिला आत बसायला दोघांचा हात लागला. दुसरीत पाच जण बसताच गतिरोधकावर खालून घासल्याचा आवाज. शिवाय डिकीत धानाचे एक पोते नीट मावेना. तिसरी दिसायला साधी, पण आई आपली आपण चढली, बोळीतून मागे घेताना भावाला मान वळवून सगळे दिसले, आणि गाणी बंद केल्यावर गिअरचा आवाज स्वच्छ ऐकू आला. गाणी बंद करायला विसरू नये.

ट्रायलची गाडी वेगळी आणि हाती येणारी वेगळी, हेही ध्यानात असावे. म्हणून नोंदणी होण्याआधी आपलीच गाडी चालवून पाहावी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १२२४ म्हणजे २०२४ चा बारावा आठवडा. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे कागदपत्रांत छापलेले असते. वर्षभर गोदामात उभी असलेली गाडी नव्या भावात घेऊ नये.

अदलाबदलीत पैसे कुठे झिरपतात ते भावजयीने आधीच विचारले. नवी नोंदणी, पुन्हा कर, पुन्हा विमा, हे कोण भरणार? तोंडी "आम्ही बघतो" म्हणाले, तिने लेखी घेतले. जुन्या गाडीवरील बँकेचा बोजा उतरवून नव्या गाडीवर चढवायलाही वेळ गेला. हे सारे होईपर्यंत सहा आठवडे भाऊ एसटीने कामावर गेला. त्या तिकिटांचे पैसे त्याने कंपनीकडे मागितले आहेत. अद्याप उत्तर नाही.