गायिकेचा पदर आणि श्रोत्यांची दृष्टि

दिवाळी जवळ आली, कीं पुणें, मुंबई, ठाणें इत्यादि शहरीं पहांटेच्या गायनाचे बेत ठरूं लागतात. पेढीवाले व दुकानदार वर्गणी देतात, मंडळें मांडव घालतात, आणि गाणाऱ्यांस निमंत्रणें जातात. रिवाज स्तुत्य आहे. परंतु या निमंत्रणांबरोबर पुष्कळदां एक सूचनाही जाते, व तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. ती अशी, कीं गायिकांनीं ‘पारंपरिक’ वेशांत यावें. म्हणजे जरीचें लुगडें, नथ, गजरा आणि हातभर बांगड्या. गवयास मात्र ‘झब्बा चालेल’ एवढें सांगून मोकळें करतात.

ही परंपरा कोणाची, हें कोणी विचारीत नाहीं. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्व भरजरी शालू नेसून रंगभूमीवर येत, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचें व दागिन्यांचें अनुकरण करीत. पुरुषानें शालू नेसला तर ती कला ठरे. खरोखरीची स्त्री गाण्यास उभी राहिली, तर आधीं तिच्या कुळाची चौकशी होई! तिचा सूर कसा लागला हें मागाहून.

अशा काळांत हिराबाई बडोदेकर पुढें आल्या. त्यांचा जन्म १९०५ सालीं मिरजेस झाला, आणि तिकीट लावून होणाऱ्या जलशांत गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. साधें लुगडें, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, आणि हावभावांशिवाय स्वस्थ बसून गाणें, ही त्यांची रीति. गाणारी स्त्री म्हणजे बैठकीची करमणूक, असें मानणाऱ्या श्रोत्यांसमोर ती फार शहाणपणाची होती. तो पदर म्हणजे ढाल होती. पण ढाल लागली, ती समोरच्यांच्या हातांत बाण होते म्हणून. ढाल पाहून धनुर्धराने लाजावें, तें राहिलें बाजूस, आणि आम्ही ढालीचीच पूजा आरंभिली! ज्या बाईनें आपल्या विचारानें एक वेश पत्करला, तिचें नांव घेऊन आजच्या मुलींस दुसऱ्याच्या विचारानें नेसावयास लावणें, हा तिचा गौरव नव्हे. आणि गंमत अशी, कीं तिचा साधेपणा तेवढा आम्ही गाळला. जर मात्र आमच्या पदरची घातली.

आतां गाण्याच्या सोयीकडे पाहूं. गाणारास दोन तास मांडी घालून बसावें लागतें, व श्वास पोटापासून घ्यावा लागतो. कंबर आवळणारें जड वस्त्र आणि दंडांत रुतणारी चोळी ख्यालाच्या लांब तानेस उपकारक नाहींत. तंबोरा छेडणाऱ्या हातांतील बांगड्यांचा आवाज ध्वनिक्षेपक इमानानें शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवितो. सैल अस्तनी तबल्याच्या शाईवर घासते. गळ्याशीं घट्ट बसणारी शेरवानी पुरुषाच्याही गळ्यास सुखाची नाहीं. म्हणजे वेशाचा विचार करूं नये असें नव्हे. तो गाण्याच्या बाजूनें करावा, आणि स्त्रीपुरुषांस सारखाच लागू करावा.

‘मग वाटेल तें नेसून यावें काय?’ असें आमचे कांहीं वाचक रागानें विचारतील. वेश स्वच्छ व सभेस साजेसा असावा, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु तें गाणारीस शिकविण्याचें कारण नाहीं. जी दहा वर्षें गुरूसमोर बसून शिकली, तिला चार लोकांत कसें बसावें हें कळतें. जिला शालूची हौस असेल तिनें तो खुशाल नेसावा. जिला सुती पातळांत किंवा सलवार-कमीजांत मोकळें वाटेल तिनें तें घालावें. नवशिक्या गायिकेची बिदागी कित्येकदां असल्या थाटाच्या लुगड्याच्या निम्म्या किंमतीसही पुरत नाहीं. उसनें लुगडें सांवरीत गाणाऱ्या मुलीचें लक्ष षड्जावर राहील कसें, याचा विचार पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस तरी सुचावयास हवा होता.

वर्गणीदारांच्या शब्दास मंडळांत वजन असतें, म्हणून आमची विनंती त्यांसच आहे. यंदाच्या निमंत्रणांतून वेशाचें कलम काढून टाकवावें. त्या जागीं बैठक किती वाजतां, गादी कशी, मांडव उघडा कीं बंदिस्त, आणि बिदागी केव्हां मिळेल, एवढें लिहवावें. पहांटेस गारवा असतो, आणि गाणारीस आपण शाल देतों ती सत्काराच्या वेळीं, ऊन वर आल्यावर. ती आरंभींच तिच्या हातीं दिली, तर निदान भैरव तरी कांपऱ्या आवाजांत ऐकावा लागणार नाहीं.